'लिटरली' : एका क्रियाविशेषणाची कुळकथा



दिवसभराचा उकाडा नुकता कुठे उतरू लागला आहे, आणि अशा वेळी एका इंग्रजी क्रियाविशेषणावर बोलायला उभे राहणे म्हणजे श्रोत्यांच्या सौजन्याची परीक्षा पाहणेच होय. राजकारण, अर्थकारण, शिक्षण असे भारदस्त विषय सोडून 'लिटरली' हा एवढासा शब्द आम्ही का निवडला, असा प्रश्न आपल्या मनात आला तर तो रास्त आहे. त्याचे उत्तर असे की, हा शब्द आता परका राहिलेला नाही. कॉलेजातली मुलेमुली मराठी बोलतानाही तो सर्रास वापरतात. 'मी लिटरली मेले', असे सांगणारी मुलगी धडधाकट आपल्यासमोर उभी असते. घरातली वडील मंडळी कपाळाला आठ्या घालून म्हणतात, 'अगं, लिटरलीचा अर्थ तरी ठाऊक आहे का तुला?' या घरगुती वादात कोणाची बाजू खरी, हे ठरविण्यापूर्वी त्या शब्दाचे कूळ पाहावे, आणि मग आपल्याच भाषेत त्याचा एक सख्खा भाऊ राहतो आहे त्याचीही विचारपूस करावी, एवढाच आमचा हेतू आहे.

या शब्दाचे दोन तुकडे पडतात. पहिला तुकडा रोमन लोकांचा, दुसरा उत्तरेकडच्या जर्मानिक टोळ्यांचा. आधी रोमन तुकडा पाहू. लॅटिन भाषेत 'लितेरा' म्हणजे वर्णमालेतले एक अक्षर. त्याचे अनेकवचन 'लितेरी'. एक अक्षर म्हणजे नुसती खूण. पण पुष्कळ अक्षरे एकत्र आली की त्यांचे पत्र होते, आणि पत्राहून अधिक झाली की वाङ्मय होते. म्हणून त्या एकाच अनेकवचनाने रोमन मनुष्य अक्षरे, पत्र आणि विद्या असे तिन्ही अर्थ सांगे. इंग्रजीतला 'लेटर' हा शब्द फ्रेंचमधून फिरत आला, त्यात अक्षर आणि पत्र हे दोन्ही अर्थ अजून नांदत आहेत. 'लिटरेचर' त्याच घरचा, आणि 'लिटरेट' म्हणजे साक्षर, तोही त्याच घरचा. आपण 'साक्षर' हा शब्द अक्षरावरून बनवला आणि रोमनांनी 'लितेरातुस' हा शब्द लितेरावरून बनवला. दोन भाषांचे डोके एकाच वाटेने चालले.

खुद्द 'लितेरा' हा शब्द लॅटिनमध्ये कोठून आला, याबद्दल पंडितांत एकमत नाही. एक मत असे आहे की, तो ग्रीक 'डिफ्थेरा' या शब्दावरून एट्रुस्कन लोकांच्या मार्फत रोमला पोहोचला. 'डिफ्थेरा' म्हणजे कमावलेले कातडे. ग्रीक लोक कातड्यावर लिहीत असत, आणि हिरोडोटस सांगतो की आयोनियातले ग्रीक पुस्तकालाही 'डिफ्थेरा'च म्हणत. हे मत सर्वमान्य नाही, तेव्हा त्यावर आम्ही भार टाकीत नाही. पण त्या ग्रीक शब्दाची पूर्वेकडे गेलेली शाखा मात्र चांगली ठाऊक आहे. पश्चिम आशियातल्या भाषांतून तो फारसीत 'दफ्तर' झाला, आणि फारसीतून आपल्याकडे आला. पेशवे दफ्तर म्हणताना आणि मुलाच्या खांद्यावर दफ्तर अडकविताना आपण त्या ग्रीक कातड्याचेच नाव घेत असतो. घशात कातड्यासारखा पडदा धरणाऱ्या घटसर्पाला ब्रेतोनो या फ्रेंच वैद्याने १८२६ साली जे नाव दिले, ज्याचे पुढे 'डिप्थेरिया' झाले, तेही याच कातड्यावरून. शब्द कोठून निघून कोठे मुक्कामाला येईल याचा नेम नसतो, तो असा.

आता दुसरा तुकडा, म्हणजे शेवटचा 'ली'. हा लॅटिन नव्हे. जुन्या इंग्रजीत 'लीक' म्हणजे देह, आकार. तोच शब्द जर्मन भाषेत 'लायशे' झाला, आणि तिथे त्याचा अर्थ प्रेत असा आहे. 'अमुक देहाचा', 'अमुक आकाराचा' अशा अर्थाने तो नामांना चिकटू लागला, घासत घासत 'ली' एवढाच उरला, आणि क्रियाविशेषणाचा प्रत्यय होऊन बसला. 'लाइक' म्हणजे सारखा, हा शब्दही त्याच मुळाचा. लॅटिनच्या लेकींनी मात्र वेगळी तोड काढली. त्यांनी 'मेन्स' म्हणजे मन हा शब्द घेतला. लॅटिनमध्ये 'क्लारा मेन्ते' म्हणजे स्वच्छ मनाने. त्याचे इटालियनमध्ये 'क्यारामेन्ते' झाले, फ्रेंचमध्ये 'क्लेरमाँ' झाले, आणि दोहोंचा अर्थ 'स्पष्टपणे' एवढाच राहिला. सारांश, फ्रेंच मनुष्य जे मनाने करतो ते इंग्रज देहाने करतो! 'लिटरली' या शब्दात डोके रोमन आहे आणि देह जर्मानिक आहे. सरळ अर्थ करायचा तर 'अक्षराच्या रूपाने', 'अक्षराला धरून'.

पण अक्षराला धरून म्हणजे काय? असा शब्द लागावा तरी कशाला? इथे आपल्याला धर्मपंडितांच्या मठात शिरावे लागते. बायबलचा अर्थ लावताना ख्रिस्ती आचार्यांना एक अडचण सतत भेडसावत असे. संत पॉलनेच अक्षर आणि आत्मा यांत भेद करून ठेवला होता. मग कोणते वचन अक्षराप्रमाणे घ्यायचे आणि कोणते आतल्या अर्थाने? पाचव्या शतकाच्या आरंभी संत ऑगस्टीनने सृष्ट्युत्पत्तीच्या प्रकरणावर जो मोठा ग्रंथ रचला, त्याच्या नावातच 'आद लितेराम', म्हणजे 'अक्षरानुसार', असे शब्द आहेत. त्याच सुमारास जॉन कॅसियन या साधूने एका वचनाचे चार अर्थ कसे होतात ते जेरुसलेमच्या उदाहरणाने दाखविले. जेरुसलेम म्हणजे इतिहासदृष्ट्या यहुद्यांचे एक नगर. रूपकाने ख्रिस्ताचा संघ. नीतिदृष्ट्या मनुष्याचा आत्मा. आणि परलोकदृष्ट्या स्वर्गातली नगरी. यांतला पहिला अर्थ तो अक्षरार्थ.

आपल्या साहित्यशास्त्राशी परिचय असणाऱ्यांना अभिधा, लक्षणा आणि व्यंजना यांची आठवण झाली असेल. गंगेवर गवळीवाडा आहे असे म्हटले तर वाडा पाण्यावर तरंगत नाही, तो काठावर आहे, हे लक्षणेने कळते. 'लिटरली' या शब्दाचे मूळ काम नेमके इथले आहे. वाचकाला तो बजावतो, 'बाबा रे, इथे लक्षणा नको, व्यंजना नको. अभिधेने जो अर्थ होतो तोच घे.' चौदाव्या शतकाच्या अखेरीस, विक्लिफच्या अनुयायांनी बायबल इंग्रजीत आणले त्या काळात, 'लिटरल' हे विशेषण इंग्रजीत रुळले, आणि पंधराव्या शतकात 'लिटरली' हे क्रियाविशेषण दिसू लागते. थोडक्यात, अलंकाराला दाराबाहेर थोपविण्यासाठी नेमलेला हा पहारेकरी होता.

मग हा पहारेकरीच अलंकाराला हात धरून घरात कसा घेऊन आला? हे समजायला इंग्रजी उदाहरण नको, मराठीच पुरे. 'हात टेकणे' हा आपला वाक्प्रचार आहे. समजा, एक हमाल चढण चढून आला, दमून खाली बसला आणि त्याने दोन्ही हात जमिनीला टेकले. कोणी म्हणाले, 'त्याने अक्षरशः हात टेकले.' वाक्य अगदी चोख आहे. वाक्प्रचार वाटेल, पण तो खराच घडला आहे, हे सांगण्यासाठी 'अक्षरशः' आला. ड्रायडन या इंग्रज कवीने १६८७ साली 'लिटरली'चा उपयोग याच जातीने केला आहे. पुढची पायरी अशी : एका मास्तरांनी वर्गातल्या द्वाड मुलापुढे हार खाल्ली. मास्तर खुर्चीतच बसून आहेत, हात कोठेही टेकलेले नाहीत. पण त्यांच्या हतबलतेचा जोर सांगायचा आहे, म्हणून वक्ता म्हणतो, 'मास्तरांनी अक्षरशः हात टेकले.' झाले! शब्द तोच, जागा तीच, जोर तोच. फक्त खरेपणा गळाला. मधली रेषा इतकी बारीक आहे की बोलणाऱ्याला ती ओलांडल्याचे कळतही नाही.

इंग्रजीत ही रेषा ओलांडल्याचा जुना दाखला म्हणून ऑक्सफर्डचा कोश १७६९ सालच्या एका कादंबरीकडे बोट दाखवितो. फ्रान्सिस ब्रूक या लेखिकेची 'एमिली माँटेग्यूचा इतिहास' ही कॅनडातल्या क्वेबेकमध्ये घडणारी कादंबरी. तेव्हा हा प्रकार अडीचशे वर्षांहून जुना आहे, आजच्या पोरांनी केलेला नाही. १८३९ साली पूर्ण झालेल्या 'निकोलस निकल्बी'त डिकन्स एकाचा देह हाडांपर्यंत झिजल्याचे वर्णन याच शब्दाने करतो. १८७६ सालच्या 'टॉम सॉयर'मध्ये मार्क ट्वेनचा टॉम कुंपणाला चुना लावण्याचे काम इतर पोरांच्या गळ्यात मारतो, आणि बदल्यात गोट्या, पतंग, एकाक्ष मांजराचे पिल्लू, पितळी मूठ आणि दोरीसकट मेलेला उंदीर एवढी कमाई करतो. ही दौलत सांगताना ट्वेनने 'लिटरली' वापरला आहे. १९१४ सालच्या 'डब्लिनर्स' या पुस्तकातल्या शेवटच्या कथेचा आरंभच धावपळीने बेजार झालेल्या एका मोलकरणीने होतो, आणि तिथेही हा शब्द हजर आहे. जॉइसची बाजू घेणारे सांगतात की तो शब्द लेखकाचा नसून त्या पोरीच्या तोंडचा आहे. ती स्वतःविषयी तसेच बोलली असती.

तक्रारीही जुन्याच. अमेरिकेत अँब्रोज बिअर्सने १९०९ साली आपल्या भाषाशुद्धीच्या पुस्तकात या वापराला काळ्या यादीत घातले. १९२६ साली फाउलरने आपल्या सुप्रसिद्ध कोशात म्हटले की, खरे तर जिथे 'अक्षरशः नव्हे हं' असे सांगायला हवे तिथेच लोक हा शब्द घालतात. आणि २०१३ साली कोशांनी हा दुसरा अर्थ नोंदविला आहे असे वर्तमानपत्रांच्या लक्षात आले, तेव्हा इंग्रजी जगात केवढा गहजब झाला! वास्तविक ऑक्सफर्डच्या कोशाच्या पहिल्या आवृत्तीनेही, अयोग्य असा शेरा मारून का होईना, या वापराची दखल घेतलेली होती.

आता आम्हाला जे महत्त्वाचे वाटते ते सांगतो. 'लिटरली' एकटा बिघडलेला नाही. खरेपणाची ग्वाही देण्यासाठी इंग्रजीने जे जे शब्द नेमले, त्यांतल्या कितीकांची हीच गत झाली आहे. 'व्हेरी' हा शब्द घ्या. लॅटिन 'वेरुस' म्हणजे खरा. जुन्या फ्रेंचमध्ये त्याच कुळातला 'वेराय', आणि त्यावरून इंग्रजी 'व्हेरी'. म्हणजे 'व्हेरी हॉट' याचा मूळ अर्थ 'खरोखर गरम'. आज त्यात 'फार' याखेरीज काही उरलेले नाही. त्याचा भाऊ 'व्हर्डिक्ट', म्हणजे खरे बोललेले, हा मात्र न्यायालयात राहिला आणि आपली अब्रू सांभाळून आहे. 'रिअली' घ्या. लॅटिन 'रेस' म्हणजे वस्तू. वेदांत धनाला 'रयि' म्हणतात तो त्याचा दूरचा आप्त. प्रभुभोजनाच्या भाकरीत ख्रिस्त खरोखर, वस्तुतः असतो की नाही, अशा गंभीर वादात 'रिअली' इंग्रजीत वावरू लागला. आज चहाच्या कपाचे कौतुक करायला तो लागतो.

यांच्याही आधी इंग्रजीचा घरचा एक शब्द होता : 'सूथ'. तो आपल्या 'सत्' आणि 'सत्य' यांचा सगोत्र आहे. दोहोंचे मूळ 'असणे' या धातूत आहे. जे आहे ते सत्य. त्या 'सूथ'चे काय झाले? 'फॉरसूथ', म्हणजे सत्यच, हा पुढे कुचेष्टेने म्हणायचा शब्द झाला. आपण 'म्हणे' म्हणतो तसा. 'सूथसेयर', म्हणजे सत्य सांगणारा, तो भविष्य सांगणारा झाला. आणि 'सूद' हे क्रियापद तर पाहाच. आरंभी त्याचा अर्थ खरे करून दाखविणे. मग दुसऱ्याच्या म्हणण्याला खरे खरे म्हणून मान डोलावणे. मग गोंजारणे, शांत करणे. सत्यापासून खुशामतीपर्यंतचा एवढा सरळ रस्ता दुसऱ्या कोठल्या शब्दाने चालून दाखविलेला आम्हाला आठवत नाही.

आता आपल्या घरी येऊ. 'अक्षरशः' हा तो सख्खा भाऊ. अक्षर या शब्दाला पाणिनीने सांगितलेला 'शस्' हा प्रत्यय लागला. क्रमशः, बहुशः, कोटिशः यांत आहे तोच. अक्षरशः म्हणजे एकेक अक्षर घेऊन. पोथीची नक्कल अक्षरशः करावी, हा त्याचा शुद्ध वापर. आज मात्र बाजारात लोक अक्षरशः तुटून पडतात, प्रवासी अक्षरशः कोंबले जातात आणि पोटात कावळे अक्षरशः ओरडतात. 'साक्षात' म्हणजे डोळ्यांसमोर; आता नवी सून साक्षात लक्ष्मी असते आणि जुनी सासू साक्षात दुर्गा. इंग्रजीची नक्कल करून हे झाले असे समजण्याचे कारण नाही. जोर आणण्यासाठी खरेपणाच्या शब्दाला कामाला जुंपणे, ही मनुष्यस्वभावाचीच खोड आहे.

गंमत अशी की शेजारचा 'शब्दशः' बिघडलेला नाही. 'मी शब्दशः मेलो' असे कोणी म्हणत नाही. इंग्रजीतही 'व्हर्बेटिम' हा लॅटिन 'वेर्बुम' म्हणजे शब्द यावरून झालेला भाऊ धड आहे. याचे कारण आम्हाला असे दिसते की, भाषांतर, जबानी, सभेचा वृत्तांत या कामांत तो रोज तपासला जातो. शब्दशः वृत्तांत आहे असे सांगितले आणि तो तसा नसला, तर कोणीतरी मूळ कागद काढून जाब विचारतो. जिथे जाब विचारला जातो तिथे शब्द टिकतो. 'व्हर्डिक्ट' न्यायालयात टिकला तो यामुळेच.

तर मग मुळाकडे बोट दाखवून मुलांना दटावावे काय? तसे आम्हाला वाटत नाही. मूळ हा शब्दाचा पूर्वज असतो, न्यायाधीश नव्हे. तेल म्हणजे तिळाचे. म्हणून खोबरेल तेल म्हणणाऱ्याला कोणी चुकीचा ठरवीत नाही. डिसेंबर म्हणजे दहावा. तो बारावा आला म्हणून पंचांग अडत नाही. आणि अक्षराला फारच चिकटून बसले तर काय होते, याचीही एक गोष्ट आहे. १८६८ साली इंग्लंडात एका मनुष्यावर खटला झाला. गरिबांच्या मदतीची व्यवस्था पाहणाऱ्या मंडळाच्या निवडणुकीत त्याने मेलेल्या माणसाच्या नावाने मत दिले होते. कायद्याचे शब्द असे होते की, मताचा हक्क असलेल्या व्यक्तीचे सोंग घेणे हा गुन्हा. कोर्टाने अक्षर धरले : मेलेल्याला मताचा हक्क नसतो, सबब हक्क असलेल्याचे सोंग घेतलेले नाही, सबब आरोपी सुटला! अक्षर वाचले आणि कायद्याचा हेतू बुडाला.

तेव्हा अक्षराची पूजा हा उपाय नव्हे. पण म्हणून काहीच बिघडत नाही, असेही नाही. एक प्रसंग डोळ्यांपुढे आणा. नदीला पूर आला आहे, आणि बातमी येते की नदीकाठची वस्ती अक्षरशः वाहून गेली. वाचणाऱ्याचा भाऊ त्या वस्तीत राहतो. त्याने काय समजावे? पाणी उंबऱ्यापर्यंत आले की घराचा मागमूस उरला नाही? बातमी लिहिणाराने बाजारातल्या गर्दीसाठी, क्रिकेटच्या सामन्यासाठी, पुढाऱ्याच्या सभेसाठी तो शब्द रोज खर्चिला. आणि ज्या एका दिवशी त्याची खरी गरज होती त्या दिवशी त्याच्या हाती काही उरले नाही. साक्षीदार, वैद्य, वार्ताहर यांना आयुष्यात केव्हा ना केव्हा 'हे मी वाढवून सांगत नाही' असे म्हणण्याची वेळ येते. त्या वेळी ऐकणाऱ्याने विश्वास ठेवावा असा एखादा शब्द शिल्लक लागतो.

शब्द झिजला की भाषा दुसरा शोधते. 'सूथ' गेला तेव्हा 'व्हेरी' आला, मग 'रिअली', मग 'लिटरली'. उद्या आणखी एखादा येईल, आणि आपण सावध राहिलो नाही तर तोही त्याच वाटेने जाईल. म्हणून आमची विनंती एवढीच : मुलगी हसता हसता 'लिटरली मेले' म्हणाली तर तिला हसू द्या, ती खोटे बोलत नाही आणि कोणी फसत नाही. पण जिथे कोणी आपल्या शब्दावर विसंबणार आहे, त्या बातमीत, अर्जात, जबानीत, सभेत, तिथे जोरासाठी खरेपणाचा शब्द उसना आणू नये. किती घरे वाहिली तो आकडा सांगावा. पाणी कोठवर चढले ती खूण सांगावी. आकडा आणि खूण सांगणाऱ्याला 'अक्षरशः' म्हणावे लागत नाही, आणि त्याने कधी म्हटलेच तर लोक ते खरे मानतात.

अक्षर म्हणजे जे क्षरत नाही, झिजत नाही ते, अशी आपल्या पूर्वजांनी त्याची फोड केली. शब्दाच्या अंगी तसे काही नसते. बोलणारा जपेल तोवरच ते अक्षर.